परीक्षेचा दरवाजा आणि सहीचा दरवाजा

पेटचा निकाल लागतो, यादीत आपलं नाव दिसतं, घरी पेढे येतात. दोन-तीन दिवसांत लक्षात येतं की हे अर्धंच काम झालं, आता गाईड शोधायचा आहे. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 संशोधक विद्यार्थी घेता येतात. त्या जागा भरलेल्या असल्या की तुमचे मार्क कितीही असोत, उत्तर एकच मिळतं: "सध्या व्हेकन्सी नाही."

ही गत फक्त आपलीच, पीएचडीवाल्यांची, असं मला वाटायचं. शेंद्र्याच्या एका मैत्रिणीमुळे तो गैरसमज गेला. तिचे वडील शेंद्रा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला आहेत आणि ती शहरात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला मुंबईच्या एखाद्या मोठ्या व्यापारी लॉ फर्ममध्ये ट्रेनी म्हणून जायचं आहे. 2001 मध्ये स्कोडाचा कारखाना शेंद्र्यात सुरू झाला, तेव्हा ती पाळण्यात होती. पुढे ऑरिक सिटी आली, 2019 मध्ये ऑरिक हॉलचं उद्घाटन झालं. तिच्या डोळ्यांसमोर रानाचे भूखंड झाले. प्रत्येक भूखंडामागे भाडेपट्टा असतो, बँकेच्या कर्जाचे कागद असतात, कधी परदेशी भागीदाराशी केलेला करार असतो. हे कागद कोण लिहितं, असा तिचा प्रश्न आहे आणि तेच काम तिला शिकायचं आहे.

तिने वीसेक अर्ज पाठवले. नकारसुद्धा आला नाही. काहीच आलं नाही. एका ठिकाणी फोन लागला, तेव्हा पलीकडून विचारलं गेलं, "रेफरन्स कुणाचा?"

त्या एका शब्दामुळे मी मुंबईच्या सॉलिसिटरांचा इतिहास वाचायला घेतला. मी रसायनशास्त्राची, इतिहासाची नव्हे. त्यामुळे चाचपडत वाचलं. पण जे सापडलं ते संशोधनाच्या वाटेवर असलेल्या तुमच्याही कामाचं आहे.

आर्टिकल म्हणजे काय?

सीए करणाऱ्या मित्रांकडून 'आर्टिकलशिप' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. त्याचं मूळ इंग्लंडमध्ये आहे. तिथल्या 1729 च्या कायद्याने अ‍ॅटर्नी होण्यासाठी पाच वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. उमेदवार आणि अ‍ॅटर्नी यांच्यात लेखी करारनामा व्हायचा, त्याला 'आर्टिकल्स' म्हणत. मुलगा ऑफिसात नकला करायचा, कागद पोचवायचा, कोर्टात चकरा मारायचा आणि ते करता करता धंदा शिकायचा. यासाठी त्याचे वडील बहुधा अ‍ॅटर्नीलाच पैसे मोजत!

हीच पद्धत मुंबईत आली. क्रॉफर्ड बेली 1830 ची, लिटल अँड कंपनी 1856 ची, मुल्ला अँड मुल्ला 1895 ची; या जुन्या फर्म आजही चालू आहेत. 1862 मध्ये मुंबई हायकोर्ट सुरू झालं आणि त्याच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे शहरातले मोठे व्यापारी दावे थेट जिथे दाखल होत तिथे, कामाची दुहेरी पद्धत पक्की झाली. पक्षकार सॉलिसिटरकडे जायचा, सॉलिसिटर कागद तयार करायचा आणि बॅरिस्टरला ब्रीफ द्यायचा. बॅरिस्टर कितीही हुशार असला तरी सॉलिसिटरने ब्रीफ दिल्याशिवाय तो तिथे उभा राहू शकत नसे. 1894 मध्ये बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी ही सॉलिसिटरांची संस्था उभी राहिली. तिची सॉलिसिटरची परीक्षा आजही होते आणि त्यासाठी आजही आधी एखाद्या सॉलिसिटरकडे आर्टिकलशिप करावी लागते.

आता नीट बघा. इथे दरवाजे दोन आहेत. एक परीक्षेचा: पुस्तकं वाचा, पेपर लिहा, पास व्हा. दुसरा सहीचा: कुणीतरी एक माणूस तुम्हाला आपल्या ऑफिसात घ्यायला तयार झाला पाहिजे आणि त्याने कागदावर सही केली पाहिजे. आणि सहीचा दरवाजा आधी लागतो.

क्लास कुठल्या दरवाजाचा लावता येतो?

हा फरक किती मोठा होता ते दुसऱ्या बाजूने पाहू. त्याच काळात मोफसलमध्ये, म्हणजे मुंबईबाहेर, वकील होण्याची वाट मुख्यतः परीक्षेची होती. लोकमान्य टिळक 1879 मध्ये एलएलबी झाले आणि पुढे त्यांनी पुण्यात वकिलीच्या परीक्षांचे वर्ग चालवले. असे वर्ग चालू शकले, कारण परीक्षेची तयारी करून घेता येते. फी भरा, शिका, पास व्हा. पण सही मिळवून देणारा क्लास कुठेही निघाला नाही, निघणंही शक्य नव्हतं. सही ओळखीतून यायची: घर, जात, धर्म, भाषा, क्लब, व्यापारी संबंध.

तैयबजी घराण्याचं उदाहरण घ्या. कमरुद्दीन तैयबजी इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झालेले पहिले भारतीय. त्यांचे धाकटे भाऊ बद्रुद्दीन 1867 मध्ये मुंबई हायकोर्टात आलेले पहिले भारतीय बॅरिस्टर. पुढे 1895 मध्ये ते न्यायाधीश झाले. बद्रुद्दीन यांची बुद्धी वादातीत होती. पण ब्रीफ कसं येतं, कोणाकडून येतं, कोर्टात कुणाशी कसं बोलायचं, हे सांगणारा माणूस त्यांच्या घरातच होता, हेही विसरता येत नाही.

आता याच कोर्टात छप्पन वर्षांनी आलेले दुसरे बॅरिस्टर पाहा. जुलै 1923 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत वकिली सुरू केली. कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन. परीक्षेच्या दरवाजात त्यांच्यापुढे कोण उभं राहणार? पण सनद घ्यायला पैसे नव्हते, ते नवल भाथेना या पारशी मित्राने दिले. आणि सनद मिळाल्यावर ब्रीफ कोण देणार? चरित्रकार लिहितात की अस्पृश्य बॅरिस्टरकडे सॉलिसिटर फिरकत नसत, म्हणून सुरुवातीची वर्षं छोट्या कामांवर काढावी लागली. जून 1925 ते मार्च 1928 बाबासाहेब बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ शिकवत होते. विषय कोणता? व्यापारी कायदा. ज्या विषयाचे मोठे दावे त्यांच्याकडे येत नव्हते, तोच विषय ते दुसऱ्यांना शिकवत होते. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटवून थोडा वेळ बसून राहिले.

नोंद नाही म्हणजे शून्य नाही

आता पद्धतीची एक गोष्ट, कारण हा ब्लॉग त्यासाठीच आहे. आमच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासला आणि एखादा धातू सापडला नाही, तर रिपोर्टमध्ये आम्ही 'शून्य' लिहीत नाही. 'एनडी' लिहितो: नॉट डिटेक्टेड. याचा अर्थ एवढाच की आमच्या यंत्राच्या मर्यादेखाली जे काही असेल ते आम्हाला दिसलं नाही.

ट्रेनींच्या इतिहासात हे पावलोपावली आठवतं. फर्मच्या स्मरणिकेत कुणाची नावं असतात? जे आत आले आणि पुढे भागीदार झाले त्यांची. ज्यांना घेतलं नाही त्यांचे अर्ज कुणी जपून ठेवत नाही. मग शंभर वर्षांनी कुणी म्हणतं, "त्या काळी मुली किंवा दलित या क्षेत्रात येतच नव्हते." येत नव्हते, की त्यांनी ठोठावल्याची नोंदच झाली नाही?

क्वचित एखादा नकार कागदावर उरतो आणि मग चित्र बदलतं. कॉर्नेलिया सोराबजी नाशिकला जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. ऑक्सफर्डला जाऊन 1892 मध्ये त्यांनी कायद्याची बीसीएल परीक्षा दिली. नंतर लंडनच्या ली अँड पेम्बर्टन या सॉलिसिटर फर्ममध्ये त्यांना काम शिकायला मिळालं. म्हणजे फर्मचं दार उघडलं होतं! पण स्त्रीला सॉलिसिटर होता येत नव्हतं. परत आल्यावर त्यांनी 1897 मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएलबी केली, 1899 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. तरीही भारतात स्त्रियांना वकिली करू देणारा कायदा यायला 1923 साल उजाडलं. परीक्षा देऊन चोवीस वर्षं झाली होती.

दुसरा कागद दक्षिण आफ्रिकेतला. गांधीजी जोहान्सबर्गला अ‍ॅटर्नी होते, म्हणजे सही देण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. हेन्री पोलक त्यांच्याकडेच आर्टिकल करून अ‍ॅटर्नी झाले. 1909 मध्ये गांधीजींनी आपली तरुण सेक्रेटरी सोंजा श्लेसिन हिला आर्टिकल्ड क्लार्क म्हणून नोंदवण्यासाठी अर्ज केला. तो ट्रान्सवालच्या लॉ सोसायटीने फेटाळला, कारण उमेदवार स्त्री होती. इथे सही करणारा तयार होता, उमेदवार तयार होती, पण सही मानणारं कुणी नव्हतं. हा अर्ज गांधीजींचा म्हणून टिकला. दुसऱ्या कुणा अ‍ॅटर्नीने केला असता, तर आपल्या रिपोर्टात 'एनडी' आलं असतं.

आपल्याकडे काय होतं?

मराठवाड्याचा हिशोब आणखी वेगळा. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. इथल्या कोर्टाची भाषा उर्दू, वरचं कोर्ट हैदराबादला. इथल्या मुलाला मुंबईचा सॉलिसिटर म्हणजे दुसऱ्या राज्यातला, दुसऱ्या भाषेत कारभार करणारा माणूस. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी शहरात माणिकचंद पहाडे लॉ कॉलेज निघालं. हायकोर्टाचं खंडपीठ सुरू व्हायला मात्र 1981 चा ऑगस्ट उजाडला. त्याआधी, 1950 मध्ये, स्वतः बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे इथे मिलिंद कॉलेज काढलं होतं. ज्यांना सॉलिसिटरांनी ताटकळत ठेवलं, त्यांनी आपल्या शहरात पहिला दरवाजा बांधला, तोही कायद्याचा नव्हे, साध्या पदवीचा. कारण तोच आधी लागणार होता.

मुंबईची दुहेरी पद्धत 1976 च्या कायदादुरुस्तीने संपली. 1 जानेवारी 1977 पासून अ‍ॅटर्नी हा वेगळा वर्ग कायद्यात उरला नाही. कागदावर सगळे अ‍ॅडव्होकेट. पण सहीचा दरवाजा गेला का? त्याने रूप बदललं. आता मोठ्या फर्म राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या कॅम्पसवर जातात आणि इंटर्नशिपमधून मुलं निवडतात. इंटर्नशिपसाठी ओळख लागते, मुंबईत महिनाभर राहायला पैसे लागतात, सफाईदार इंग्रजी लागतं. प्राध्यापक शामनाद बशीर यांनी 2010 मध्ये 'आयडिया' हा उपक्रम सुरू केला तो हेच ओळखून. वंचित घरांतल्या मुलांची क्लॅटची तयारी करून घ्यायची आणि प्रवेशानंतरही त्यांच्यासोबत राहायचं. 2017 पासून आपल्या शहरातही महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. माझी मैत्रीण तिथली नाही, आणि अर्ज चाळणाऱ्याला एवढं पुरत असावं.

आता तुमच्याबद्दल

हे सगळं तुम्हाला का सांगितलं? कारण उद्या तुम्ही गाईडना मेल लिहाल आणि उत्तर येणार नाही. तेव्हा त्या शांततेचा अर्थ 'मी कमी पडलो' असा लगेच लावू नका. आधी विचारा, हा कोणता दरवाजा आहे? परीक्षेचा असेल तर अभ्यास वाढवा. सहीचा असेल तर अभ्यास वाढवून तो उघडणार नाही. तिथे माणसं शोधावी लागतात: ज्या गाईडकडे जायचंय त्यांचे दोन पेपर नीट वाचा, त्यांच्या विद्यार्थ्यांना भेटा, सेमिनारमध्ये एक खरा प्रश्न विचारा, जागा कधी रिकामी होणार ते विभागात जाऊन विचारा. आणि प्रत्येक अर्जाची तारीख, उत्तर, उत्तर न येणं, हे सगळं वहीत लिहून ठेवा. तुमच्यापुरता तरी तो इतिहास 'एनडी' राहणार नाही.

एक कबुली देते. मला माझे गाईड मिळाले ते एमएस्सीच्या माझ्या बाईंनी एक फोन केला म्हणून. माझे मार्क चांगले होते, पण माझ्याइतके मार्क असलेली आणखी तिघं त्या यादीत होती आणि त्यांच्यासाठी फोन करणारं कुणी नव्हतं. त्यातले दोघं आज संशोधनात नाहीत. बरीच वर्षं मी हे 'माझ्या मेहनतीचं फळ' म्हणून सांगत आले.

गेल्या रविवारी मी शेंद्र्याला गेले होते. मैत्रिणीने अर्जांची वही काढली: फर्मचं नाव, तारीख, पुढची रकानी रिकामी. आम्ही दोघींनी बसून ओळखीच्या ओळखीत कोण वकील आहे त्याची यादी केली. सात नावं निघाली. सोमवारी तिने पहिला फोन लावला. आणि मी त्या तिघांपैकी जो अजून प्रयत्न करतोय, त्याच्यासाठी माझ्या गाईडशी बोलले.