तारघरातून आलेली वाट



दारात तारवाला उभा राहिला की तार फोडण्याआधीच घरातल्या बायामाणसांच्या डोळ्यांना पाणी यायचे, असा एक काळ होता. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग निजामाच्या मुलखातून, आपल्या सेलू, परभणी, पूर्णा या गावांवरून गेला. रुळांच्या कडेने तारेचे खांब आले आणि स्टेशनमास्तरच्या टेबलावर कट्टकडकट्ट सुरू झाले. जुलै २०१३ मध्ये आपल्या देशातली तारसेवा बंद झाली. तार गेली खरी, पण तारेची रीत गेली नाही. ती आज संगणकाच्या पोटात नांदते आहे. ती तिथे कशी पोहोचली, ते पाहू.

मोर्सच्या लिपीत एक अक्षर आखूड तर दुसरे लांब. माणसाच्या कानाला ते समजे, यंत्राला मात्र अवघड जाई. १८७० च्या दशकात फ्रान्सच्या तारखात्यातले एमिल बोदो यांनी प्रत्येक अक्षराला सारख्याच पाच खुणा दिल्या. त्यामुळे यंत्रच यंत्राचे वाचू लागले आणि पुढे टेलिप्रिंटर आला. तारेवरच्या वेगाच्या मापाला 'बॉड' म्हणतात, ते या बोदोंच्याच नावावरून.

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली लिहायला घेतली. पडदे तेव्हा महाग होते. म्हणून संगणकाशी बोलायला टेलिटाइप नावाचे छापयंत्रच जोडीत. 'मॉडेल ३३' हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापी. टेलिटाइपचे आखूड नाव 'टीटीवाय' असे पडले. छापयंत्रे अडगळीत गेली, तरी युनिक्समध्ये आणि त्याच वळणाच्या लिनक्समध्ये बोलण्याच्या दाराला आजही टीटीवाय म्हणतात.

आपल्याकडे १९८३ साली रिझर्व्ह बँकेने डॉ. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली बँकांच्या यांत्रिकीकरणासाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९८४ साली आला. पुढे अनेक बँकशाखांत युनिक्सची यंत्रे बसली. मध्ये एक मोठे यंत्र आणि त्याला वायरींनी जोडलेले साधे पडदे, अशी ती मांडणी असे. वायर बदलली होती, पण रीत तारघराचीच : एका तारेवरून एकामागून एक खूण पाठवायची. यालाच सिरियल जोडणी म्हणतात.

आता कोणी विचारील, घरोघर इंटरनेट आले, मग ही जुनी वायर कशाला? त्याचे कारण असे. मोठा संगणक बिघडला की बहुधा त्याचे नेटवर्क आधी जाते. लांबून आत शिरायची वाटच बंद होते. अशा वेळी सिरियल दार उघडे असेल, तर यंत्र सुरू होताना काय म्हणते ते अक्षर न अक्षर वाचता येते आणि दुरुस्तीही करता येते. जिंतूरच्या शेतकऱ्याचा सातबारा किंवा गंगाखेडच्या म्हातारीचे निवृत्तिवेतन ज्या यंत्रावर अडले असेल, ते तासात उठते की दोन दिवस पडून राहते, हे कधीकधी या एका वायरीवर ठरते.

ही सोय करायला चार गोष्टी लागतात. पहिली, तीन तारा : पाठवणारी, घेणारी आणि जमिनीची. एकाची पाठवणारी दुसऱ्याच्या घेणारीला जोडायची, कारण दोघांची तोंडे एकमेकांना लागली तर ऐकायचे कोणी? दुसरी, दोन्हीकडचा वेग सारखा. तो बहुधा ९६०० असतो. एका अक्षराला मागच्या-पुढच्या खुणा धरून दहा खुणा लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. तिसरी, सुरू होतानाचे बोलणे याच दारावर बोल, असे यंत्राला सांगून ठेवायचे. चौथी, त्या दारावर 'गेटी' नावाचा पहारेकरी बसवायचा. आलेल्याचे नाव तो विचारतो, आणि मग परवलीचा शब्द पाहून आत सोडले जाते. ही वायर ज्याच्या हाती, त्याच्या हाती घराची किल्लीच. म्हणून ती खोली कुलूपबंद हवी.

गुरुजींना हे वर्गात दाखवता येईल. एका मुलाने ठरलेल्या ठेक्यावर टाळी वाजवावी किंवा गप्प राहावे. दुसऱ्याने त्याच ठेक्यावर टाळीला एक आणि गप्प राहिल्यास शून्य असे पाटीवर लिहावे. मग एकाचा ठेका दुप्पट करा. पाटीवर सगळा गोंधळ उमटेल. वेग चुकला की संगणकाच्या पडद्यावरही अशीच निरर्थक अक्षरे येतात.

शेवटी एकच सांगणे. ही वायर जोडली की नेटवर्क काढून, यंत्र बंद-चालू करून तिची एकदा परीक्षा घ्यावी, आणि तीही कामकाज नसलेल्या दिवशी. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे मराठवाड्याच्या माणसाला कोणी शिकवायला नको.