पाटणचा मठ आणि भास्कराचार्यांचे सुवर्णगणित

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे सापडलेला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला. निकुंभवंशीय सोईदेवाने त्यास इ.स. १२०७ मध्ये दान दिले, असे त्यावरून कळते. ‘लीलावती’ (इ.स. ११५०) हा ‘सिद्धान्तशिरोमणी’चाच पहिला भाग मानला जातो. तेव्हा मिश्रणाची उदाहरणे खानदेशात आठशे वर्षांपूर्वी शिकविली जात असावीत, हे अनुमान वावगे नाही. मात्र अनुमानापलीकडे जाऊन ‘आजचे बीजगणित तेथेच होते’ असे म्हणणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

‘लीलावती’तील सुवर्णगणितात १३, १२, ११ व १० कसाचे सोने अनुक्रमे १०, ४, २ व ४ मासे घेऊन एकत्र आटविले आहे. कस व वजन यांच्या गुणाकारांची बेरीज २४०, एकूण वजन २० मासे. म्हणून मिश्रणाचा कस १२. हेच सोने शुद्ध करता १६ मासे उरले, तर कस १५ होतो. हीण जळते, शुद्ध सोने तेवढेच राहते, हे यामागील तत्त्व होय. जळगाव-धुळ्याच्या सराफास ते नव्याने सांगावे लागणार नाही.

दुसरे उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे. १६ व १० कसाच्या सोन्यापासून १२ कसाचे मिश्रण हवे असल्यास वजने किती? आजच्या पद्धतीने १६क्ष + १०य = १२(क्ष + य), म्हणजे य = २क्ष. भास्कराचार्य समीकरण मांडीत नाहीत; कसांतील फरक उलट क्रमाने घ्यावेत (२ व ४) आणि कोणत्याही इष्ट संख्येने गुणावेत, असा नियम देतात. उत्तरे अनंत आहेत याची जाणीव त्या ‘इष्ट’ शब्दात स्पष्ट आहे. दहावीच्या उदाहरणात एकूण वजन ३० ग्रॅम दिले की क्ष + य = ३० हे दुसरे समीकरण मिळते व १० आणि २० ग्रॅम हे एकमेव उत्तर येते.

अनेक अव्यक्तांची समीकरणे त्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात, अनेकवर्णसमीकरण प्रकरणात, हाताळली आहेत. तेथे अव्यक्तांना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे आहेत. गंमत अशी की सोन्याचा कस आणि अव्यक्त राशी या दोहोंसाठी शब्द एकच: वर्ण.