बेलहेल्वीच्या पाद्र्याची बंदूक : चाचणी नेमकी कशाची?

'चाचणी घेतली, यंत्र चालले' हे वाक्य आपण प्रकल्प अहवालात अनेकदा लिहितो. पण यंत्र कोणाच्या हातात चालले, किती वेळा चालले आणि कोणत्या हवेत चालले, हे त्या वाक्यातून कळत नाही. या पाठात आपण एका हौशी माणसाने घरी तयार केलेल्या बंदुकीच्या चापयंत्रणेचा इतिहास पाहणार आहोत. ती यंत्रणा 1805 मध्ये चालली. ती चालते हे सरकारने 1834 मध्ये मोजून पाहिले. 1841 मध्ये मात्र ती ज्यांच्याकडे असायला हवी होती, त्यांच्याकडे ती नव्हती.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतात 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणे, तिच्यात बदल करणे, इतकेच काय तिची चाचणी घेणे हाही गुन्हा आहे. आपला विषय इतिहासाचा आहे.

1. अडचण काय होती?

अलेक्झांडर जॉन फोर्सिथ (1768–1843) हे स्कॉटलंडमधील ॲबर्डीनजवळच्या बेलहेल्वी गावचे पाद्री होते. 1791 मध्ये वडिलांच्या जागी त्यांची नेमणूक झाली आणि ते अखेरपर्यंत त्याच गावात राहिले. रसायनशास्त्र, यंत्रकाम आणि पाणपक्ष्यांची शिकार हे त्यांचे छंद होते.

त्या काळची बंदूक चकमकीची होती. चाप ओढला की घोड्यात धरलेली गारगोटी पोलादी पट्टीवर आपटे. तिच्या ठिणग्या बाहेरच्या छोट्या खोबणीतल्या दारूवर पडत. या दारूला मराठीत 'रंजक' म्हणत. रंजक पेटली की तिची ज्वाला 'काना'तून, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक छिद्रातून आत जाई आणि मुख्य दारू पेटे.

यात दोन दोष होते. पहिला म्हणजे, रंजकीचा झोत आधी दिसे आणि गोळी नंतर सुटे. तेवढ्या क्षणात पक्षी सावध होई. दुसरा दोष असा की, रंजक उघड्यावर असल्यामुळे पावसात भिजे आणि वाऱ्याने उडून जाई.

फोर्सिथ यांना पहिला दोष खुपत होता, कारण त्यांची शिकार हुकत होती. दुसरा दोष सैन्याच्या दृष्टीने मोठा होता. एकाच उपायाने दोन्ही दोष दूर होणार होते. मात्र शिकारी आणि सेनापती त्या उपायाची परीक्षा वेगवेगळ्या प्रश्नांनी घेणार होते, हे ध्यानात ठेवा.

2. टप्प्याटप्प्याने सुधारणा

फोर्सिथ यांनी आधी सर्वांत सोपा उपाय केला. झोत दिसू नये म्हणून चकमकीवर झाकण बसवले. त्याने लक्षण झाकले गेले, उशीर मात्र तसाच राहिला. मग ते रसायनांकडे वळले. आघात होताच भडकणारी द्रव्ये तोपर्यंत माहीत झाली होती. एडवर्ड हॉवर्ड यांनी पाऱ्यापासून बनलेल्या अशा एका द्रव्याचे वर्णन 1800 मध्ये प्रसिद्ध केले होते. नेहमीच्या बंदुकीच्या दारूच्या जागी अधिक जोरदार द्रव्य वापरण्याचे प्रयत्नही आधी झाले होते. फ्रान्समध्ये 1788 साली अशाच एका प्रयोगात स्फोट होऊन माणसे दगावली होती.

फोर्सिथ यांचे वेगळेपण प्रश्न बदलण्यात आहे. 'मुख्य दारूऐवजी काय वापरू?' हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आणि 'मुख्य दारू पेटवायची कशी?' एवढाच विचार केला. तीव्र द्रव्याचा अगदी थोडा अंश ठिणगीऐवजी हातोडीच्या घावाने पेटवायचा आणि त्याची ज्वाला बंद वाटेने आत न्यायची, अशी ती कल्पना होती. उघडी रंजकच राहिली नाही, त्यामुळे झोत दिसण्याचा आणि ती भिजण्याचा प्रश्नही मिटला. या यंत्रणेतले फिरणारे छोटे पात्र अत्तराच्या कुपीसारखे दिसे, म्हणून तिला 'अत्तरकुपी'ची यंत्रणा असे नाव पडले.

1805 मध्ये त्यांनी ही यंत्रणा बसवलेली बंदूक शिकारीत वापरली आणि 1806 मध्ये ती घेऊन ते लंडनला गेले.

3. शिकारीचा हंगाम हा पुरावा होतो का?

समजा, एका हंगामात 100 बार काढले आणि एकही फुकट गेला नाही. मग ही बंदूक कधीच दगा देणार नाही असे म्हणता येईल का? संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा नियम आहे. लागोपाठ n प्रयत्नांत एकही अपयश आले नाही, तरी 95 टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की अपयशाचे प्रमाण सुमारे 3/n पेक्षा कमी आहे. येथे ते 3 टक्के येते. शिवाय बंदूक एकच, ती ज्याने बनवली तोच चालवणारा, आणि तिची निगा राखणाराही तोच. रोज मैलोन्मैल चालणाऱ्या शिपायाच्या खांद्यावर ती टिकेल का, याचे उत्तर त्या हंगामात नव्हते.

म्हणून सैन्याने वेगळी चाचणी मागणे योग्यच होते. शस्त्रखात्याचे प्रमुख लॉर्ड मॉइरा यांनी फोर्सिथ यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये कामाला जागा दिली. पण 1807 मध्ये खात्याचे प्रमुख बदलले. नव्या प्रमुखांनी, लॉर्ड चॅटम यांनी, काम थांबवून फोर्सिथ यांना सामानासह बाहेर जायला सांगितले. म्हणजे यंत्रणा चाचणीत नापास झाली नव्हती, चाचणीच पूर्ण होऊ दिली गेली नव्हती. आपल्या वाचकांना मॉइरा यांचे नाव दुसऱ्या संदर्भात माहीत असेल. मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज म्हणून पुढे हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल झालेले आणि 1817–18 च्या तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाची सूत्रे हाती असलेले गृहस्थ ते हेच.

फोर्सिथ यांनी 11 एप्रिल 1807 रोजी पेटंट घेतले. यंत्रणा शिकाऱ्यांमध्ये पसरली आणि इतर कारागिरांनी तिच्यात सुधारणा केल्या. त्यांतूनच तांब्याची छोटी टोपी आली आणि 'टोपीची बंदूक' तयार झाली.

4. वुलिच, 1834

अखेर 1834 मध्ये वुलिच येथे सरकारी चाचणी झाली. सहा चकमकीच्या आणि सहा आघात-यंत्रणेच्या बंदुका घेऊन प्रत्येक प्रकारातून 6,000 बार, सर्व प्रकारच्या हवामानात काढले गेले. चकमकीचे 922 बार फुकट गेले, म्हणजे साधारण साडेसहा बारांमागे एक. आघात-यंत्रणेचे फक्त 36 गेले, म्हणजे सुमारे 166 मागे एक. फरक जवळजवळ 26 पट होता.

60 शिपायांची एक तुकडी घ्या. सरासरीने पाहिले तर चकमकीच्या बंदुकांच्या प्रत्येक फैरीत सुमारे 9 बार फुकट जातील आणि 51 सुटतील. हा आकडा वाईट असला तरी तुकडी लढू शकेल असे वाटते. पण ही सरासरी फसवी आहे. कोरड्या दिवशी बहुतेक बंदुका चालतात आणि मुसळधार पावसात जवळपास सगळ्या एकाच वेळी बंद पडतात. अपयशे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, सर्वांचे कारण एकच असते. सरासरीच्या आकड्यात हा धोका दिसत नाही.

5. कँटन, 1841

मे 1841 मध्ये पहिल्या अफू युद्धात कँटनजवळ सान्युआनली परिसरात नेमके हेच घडले. 37 व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीची एक कंपनी वादळी पावसात मुख्य सैन्यापासून तुटली. शिपायांकडे चकमकीच्या बंदुका होत्या आणि त्या भिजून निकामी झाल्या. चहूबाजूंनी गावकऱ्यांनी वेढलेले असताना त्यांच्या हातात उरली ती केवळ संगीन. पुढे रॉयल मरीन्सच्या दोन कंपन्या शोधत आल्या. त्यांच्याकडे आघात-यंत्रणेच्या बंदुका होत्या आणि त्या त्याच पावसात चालल्या. तेव्हा कुठे कंपनीची सुटका झाली.

वुलिचचा निकाल लागून तेव्हा सात वर्षे झाली होती. एकाच मोहिमेतल्या मरीन्सच्या हाती नवी बंदूक होती आणि मद्रासच्या शिपायांच्या हाती जुनी. चाचणीचा निकाल आपोआप कोणाच्या हातात पोहोचत नाही. तो कोणाला आधी द्यायचा आणि कोणाला नंतर, हे माणसे ठरवतात. 1806 ते 1834 हा उशीर न मोजण्याचा होता. 1834 ते 1841 हा उशीर मोजलेले पोहोचवण्यातला होता. पहिल्याची किंमत फोर्सिथ यांनी भरली. त्यांना 1842 मध्ये सरकारकडून 200 पौंड मिळाले आणि पुढच्याच वर्षी ते वारले. दुसऱ्याची किंमत मद्रासच्या शिपायांनी भरली.

विचारासाठी प्रश्न

अ) तुमच्या प्रकल्पात सर्व नमुने एकाच कारणाने एकाच वेळी बंद पडतील अशी परिस्थिती कोणती? तुमच्या चाचणीत ती होती का?

आ) अपयशाचे प्रमाण 0.6 टक्क्यांपेक्षा कमी आहे असे 95 टक्के खात्रीने म्हणायचे असेल, तर एकही अपयश न येता किती प्रयत्न यशस्वी व्हायला हवेत? (उत्तर : सुमारे 500)

इ) तुमच्या यंत्राचा सर्वांत अवघड वापर कोण करणार आहे? चाचणी घेताना यंत्र त्याच्या हातात दिले होते का?