महिलांच्या चेहऱ्यावरील नको असलेले केस : आधी कारण शोधा, मग उपचार

ग्वाल्हेर : हनुवटीवर, ओठांच्या वर किंवा पोटावर पुरुषांसारखे जाड, काळे केस येऊ लागले की बहुतेक मुली आधी पार्लर गाठतात. लग्नाची बोलणी सुरू असतील तर घरच्यांचीही घाई असते. मात्र ‘हर्सुटिझम’ म्हणून ओळखली जाणारी ही तक्रार अनेकदा हार्मोन्स बिघडल्याची खूण असते.

कारणे कोणती?
सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे पीसीओएस. यात पाळी अनियमित होते, वजन वाढते, मुरुमे येतात. काहींत अधिवृक्क ग्रंथींचा दोष असतो, तर काहींत पाळी आणि तपासण्या ठीक असूनही केस वाढतात. गोरेपणासाठी डॉक्टरांना न विचारता लावलेल्या स्टेरॉइड क्रीमनेही चेहऱ्यावर लव वाढते. अशा अनेक क्रीम्सच्या चिठ्ठीविना विक्रीवर केंद्राने २०१८ मध्ये बंदी घातली. वस्तऱ्याने केस जाड होतात, हा मात्र गैरसमज आहे.

कुठे दाखवावे?
ग्वाल्हेरात १९४६ साली सुरू झालेल्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या जयारोग्य रुग्णालयात चर्मरोग विभाग आहे. पाळीची तक्रार असल्यास कमलाराजा रुग्णालयातील स्त्रीरोग विभागात जाता येते. ‘अनचाहे बाल’ एवढेच न सांगता पाळीच्या तारखा आणि चालू औषधेही सांगावीत. डॉक्टर शरीराच्या नऊ भागांना ० ते ४ गुण देऊन केसांचे प्रमाण ठरवतात. गरजेप्रमाणे टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, साखर आणि सोनोग्राफी सांगतात.

उपचार
- गोळ्या : सहसा आधी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या जातात. बीपी, अर्धशिशी किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असेल तर आधी सांगावे. सहा महिन्यांत पुरेसा फरक न पडल्यास स्पायरोनोलॅक्टोन जोडतात. ते गर्भाला घातक ठरू शकते, म्हणून गर्भधारणा टाळणे आवश्यक.
- क्रीम : एफ्लोर्निथिनने चेहऱ्यावरील केसांची वाढ मंदावते. वापर थांबवला की केस पूर्ववत येतात.
- लेसर : काळ्या केसांवर चांगले काम करते. साधारण सहा ते आठ बैठका, दर चार-सहा आठवड्यांनी लागतात. सावळ्या त्वचेला चुकीच्या सेटिंगने भाजण्याचा धोका असतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडेच करावे. आधी महिनाभर वॅक्सिंग, थ्रेडिंग नको, वस्तरा चालतो.
- इलेक्ट्रोलिसिस : पांढऱ्या केसांवर लेसर चालत नाही, तेव्हा हा पर्याय.

पीसीओएस असल्यास पाच ते दहा टक्के वजन घटवल्यानेही पाळी सुधारण्यास मदत होते.

ताबडतोब डॉक्टरांकडे केव्हा?
काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज जाड झाला, टक्कल पडू लागले किंवा पाळी थांबली तर थांबू नये. क्वचित यामागे अंडाशयाची किंवा अधिवृक्क ग्रंथीची गाठ असू शकते.

केसांची वाढ चक्राने होत असल्याने गोळ्यांचा परिणाम दिसायला किमान सहा महिने लागतात. तोवर थ्रेडिंग चालू ठेवायला हरकत नाही. औषध मात्र मध्येच सोडू नये.