हरकत घ्यावी अशी हरकत

गाण्याच्या बैठकीत गायक एखाद्या स्वरावर टेकता टेकता झरकन छोटी लकेर घेतो आणि शेजारचा जाणकार पुटपुटतो, “वा, काय हरकत घेतली!” कोर्टात वकीलही उभे राहून हेच म्हणतात, “आम्ही हरकत घेतो.” तिथे सूर हलला, इथे काम अडलं.

यातली गायकाची हरकत मुळाशी जास्त प्रामाणिक आहे. अरबीत हरकत म्हणजे हालचाल. अक्षरावरच्या स्वरचिन्हालाही अरबी व्याकरणात हरकतच म्हणतात. ते चिन्ह नसलेलं व्यंजन ‘साकिन’, म्हणजे निश्चल. हिंदी-उर्दूत अजून हालचाल, चाळे हाच अर्थ चालतो. मराठीत मात्र हरकत म्हणजे अडथळा आणि पुढे आक्षेप. ‘काही हरकत नाही’ आपण दिवसातून दहादा म्हणतो, आणि फेरफाराच्या नोटिशीत तलाठी पंधरा दिवसांत हरकत मागवतो.

या शब्दाचं खरं मोल कळतं ते दाराच्या चौकटीवर नोटीस चिकटते तेव्हा. घराचा मूळ मालक घोटाळ्यात सापडलेला, आणि त्याच्याकडून पगाराच्या पैशांनी, बँकेचं कर्ज काढून फ्लॅट घेतलेलं कुटुंब उंबऱ्यात उभं. दुसऱ्या दिवशी बातमी येते : ‘मालमत्ता जप्त’. शेजारीही म्हणतात, गेलं घर.

इथे मला शब्दांसाठी भांडावंसं वाटतं. बहुतेक वेळा तो हुकूम जप्तीचा नसतो, टाचेचा असतो. टाच म्हटलं की पाय आठवतो, पण मला टाचणीच जवळची वाटते. टाचलेला कागद हलत नाही, पण फाटतही नाही; टाचणी काढली की सुटा होतो. 2002 च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यातली तात्पुरती टाच थेट अशीच आहे. घर विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. पण घरात राहणाऱ्याचा वापर कलम 5 बंद करत नाही. ही टाच जास्तीत जास्त 180 दिवसांची. त्याआत न्यायनिर्णय प्राधिकरणाने ती कायम केली नाही, तर ती संपते.

जप्त हा शब्द अरबी ‘ज़ब्त’चा. घट्ट धरणं, ताब्यात ठेवणं. ‘त’च्या शेजारी ‘ब’चा ‘प’ झाला. उर्दू माणूस अश्रू रोखतो तेव्हा तोही ज़ब्तच करतो. अकबराच्या काळात तोडरमलाने जमीन मोजून सारा ठरवला, ती पद्धतही ज़ब्तीच. याच धातूतून ‘जाब्ता’ आला : नियम, शिस्त. म्हणून फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याला आपण जाब्ता फौजदारी म्हणत आलो. मुठीत धरणं आणि नियमाने बांधणं ही एकाच मुळाची दोन रूपं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मूठ आवळणाऱ्यालाही नियम लागतोच. 1 जुलै 2024 पासून त्या जाब्त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम 107 मध्ये गुन्ह्यातून आलेल्या मालमत्तेवर टाच आणण्यापूर्वी कारण दाखवायला 14 दिवसांची नोटीस आहे, आणि मालमत्ता संबंधित माणसाच्या वतीने दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असेल तर त्यालाही नोटिशीची प्रत द्यावी लागते.

सरकारजमा होणं ही त्यापुढची पायरी. त्यानंतर लिलाव, हा शब्द पोर्तुगीजांनी आणून दिलेला. टाच, जप्ती, सरकारजमा, लिलाव : एवढ्या पायऱ्या असताना पहिल्याच पायरीला ‘जप्त’ म्हटलं, तर उंबऱ्यातलं कुटुंब हात टेकतं. त्याला वाटतं, आता बोलायला उरलंय काय?

उरलेलं खूप असतं. मनी लाँडरिंग कायद्याचं कलम 8 सांगतं की नोटीस न मिळालेल्या माणसानेही मालमत्तेवर हक्क सांगितला, तर त्यालाही बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. त्याने दाखवायचं ते एवढंच, की माझ्या मालमत्तेचा त्या गुन्ह्याशी संबंध नाही. हे ‘एवढंच’ सोपं नाही, हेही खरं. नोंदणीकृत खरेदीखत, पैसे ज्या खात्यातून गेले त्याचा उतारा, कर्जाचे हप्ते, मुद्रांकाची पावती, सगळं तारखांसकट जुळवावं लागतं. निकाल विरोधात गेला तर अपीलाला 45 दिवस. साध्या दिवाणी वसुलीतही दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 21, नियम 58 तिऱ्हाइताला असंच दार उघडं ठेवतो.

टाचेने मिळकत साकिन होते, निश्चल. तिच्यावर हक्क सांगणारा अर्ज तिला पुन्हा हलती करायला निघतो. त्या अर्जाला मराठीत हरकत म्हणतात, आणि अरबी अर्थ तिथे शब्दशः परत येतो. अर्ज मान्य झाला की निकालाला शब्दही हालचालीचाच : टाच उठली.