आकाशातून दिसणारा गुंठा

यवतच्या शिवारात जमीन गुंठ्यांत मोजतात. उपग्रहाची दृष्टीही त्याच मापाने मोजून पाहू. १७ मार्च १९८८ रोजी सुटलेल्या आयआरएस-१ए उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याच्या चित्रातला लहानात लहान ठिपका ७२.५ मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे ५२ गुंठ्यांचा होता. एकरभर ऊस त्यात हरवून जाई. १९९५ च्या आयआरएस-१सी ने हा ठिपका ५.८ मीटरवर आणला; एका गुंठ्यात असे तीन मावतात. दृष्टी तीक्ष्ण झाली, तरी २००१ च्या धोरणानुसार याहून बारीक चित्रे सरकारी छाननीनंतरच मिळत. २००९ मध्ये ‘इस्रो’चे ‘भुवन’ संकेतस्थळ सर्वांसाठी खुले झाले. २०११ मध्ये छाननीची मर्यादा १ मीटरवर आली. विद्यार्थ्यांनी ‘भुवन’वरील चित्र गावच्या नकाशाशी ताडून पाहावे. ज्यांची जमीन, त्यांनाही ती वरून दिसायला हवी.