खाऱ्या पाण्यातले बिऱ्हाड

कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीने निघाले की पहिले स्टेशन शहाड. जवळूनच उल्हास नदी वाहते. येथे तिचे पाणी गोडे. ते उचलून टेमघरला शुद्ध करतात आणि ठाणे-भिवंडीकडच्या घरांत ते पोहोचते. पण कल्याण ओलांडले की हीच नदी खाडी होते आणि भरतीचे पाणी तिच्यात चढू लागते. वर पिण्याचे पाणी, खाली मीठ! या खाडीकाठी आणि पुढे साऱ्या कोकणपट्टीत शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घालून समुद्राला अडवीत आला. बांध फुटला की भात गेलेच. जमीनही लवकर सावरत नाही. हे संकट एकट्यादुकट्याचे नव्हे, म्हणूनच १९४८ साली मुंबई राज्यात खार जमिनींसाठी स्वतंत्र कायदा झाला.

मिठाने रोप का मरते? मीठ दोन वार करते. बाहेर क्षार वाढले की पेशीतले पाणी शोषले जाते, हा पहिला. मग मिठातले सोडियम आत शिरून पेशीचे कामकाज बिघडवते, हा दुसरा. शास्त्रज्ञांना या झुंजीचा बारकाईने अभ्यास करायचा होता. त्यासाठी त्यांनी गुरू केला तो पाव फुगवणाऱ्या किण्वाला, म्हणजे यीस्टला.

किण्वाशी गृहिणींची ओळख जुनी आहे. लोणच्यात मीठ कमी पडले की वर पांढरी साय धरते, तिच्यात बहुधा हीच मंडळी असतात. लेव्हेनहूकने १६८० साली भिंगातून किण्वाचे कण पाहिले. आंबवण्याचे काम हे जिवंत कण करतात, असे पाश्चरने १८५७ पासून सिद्ध करीत आणले. आणि १८८३ साली कोपनहेगनच्या हान्सेनने एका पेशीपासून त्याचे शुद्ध बियाणे वाढवले. याच हान्सेनच्या नावाचे एक किण्व समुद्रात व खारवलेल्या पदार्थांत सुखाने नांदते.

पुढचा शोध स्पेनमध्ये लागला. १९९१ साली माद्रिदच्या संशोधकांनी किण्वातले ‘एना-१’ हे जनुक उजेडात आणले. आत आलेले सोडियम बाहेर उपसणारा पंप पेशी या जनुकाच्या आज्ञेवरून बांधते. व्हॅलेन्सियाच्या सेर्रानो यांच्या मंडळींनी दुसरी युक्ती केली. किण्वाला निरनिराळ्या जनुकांच्या जादा प्रती द्यायच्या, मग खारट पाण्यात सोडायचे आणि कोण तगतो ते पाहायचे! तगलेल्यांतून ‘हॅल’ नावाची जनुके मिळाली. हे नाव मिठाच्या ग्रीक शब्दावरून आलेले.

त्यांपैकी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॅल-२’ची गोष्ट मोठी मजेची. हे जनुक पंप बांधीत नाही. ते मोरी साफ ठेवते. पेशी गंधकापासून आपल्याला हवा तो घटक बनवते तेव्हा एक टाकाऊ पदार्थ उरतो. तो काढून टाकणारे विकर ‘हॅल-२’ पुरवते. सोडियम नेमके या विकराला लुळे पाडते. मग मोरी तुंबते आणि सारे घर अडते. हे १९९५ साली उलगडले. जनुकाच्या प्रती जादा असल्या की विकरही जादा होते. काही लुळे पडले तरी उरलेले काम भागवते. चंदीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी हान्सेनच्या नावाच्या त्या समुद्री किण्वातूनही अशाच कामाचे जनुक २००५ साली वेगळे केले.

मग किण्वाचे जनुक पिकात घातले तर? २००० साली ‘हॅल-१’ टोमॅटोत घालून पाहिले. रोपांची मीठ सोसण्याची शक्ती वाढली. तरी एवढ्यावरून खाजणात मळे फुलतील, असे मानणे भाबडेपणाचे होईल. पेशीला पंप हवा, मोरी हवी, पाणी धरून ठेवणारे ग्लिसरिनही हवे. शिवाय रोपाला मूळ, खोड, पान यांचा संसार सांभाळायचा असतो. एका जनुकावर एवढे ओझे टाकता येत नाही.

आपल्याकडच्या शेतकऱ्याने जनुकाचे नाव न घेता हेच काम केले. खाऱ्या शेतात जे तगले त्याचेच बी तो राखीत गेला. ‘काळा रता’, ‘भुरा रता’ ही खार सोसणारी लाल भाते याच परंपरेतली. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ यांसारखी वाणे दिली. व्हॅलेन्सियातली युक्ती आणि खाजणातली राखण यांचे तत्त्व एकच: मिठात सोडा आणि जो तगेल त्याला जपा. प्रयोगशाळेने ‘का’ सांगितले, शेताने ‘कसे’ दाखवले. जुने बी हातचे गेले, तर मात्र कोणतीही प्रयोगशाळा ते जसेच्या तसे परत आणून देणार नाही.